निवडणूक झाली नाही, काका

काका, निवडणूक होणार नाहीये.

तुम्ही गेलात बुधवारी. शनिवारी नव्या पंतप्रधानांनी सांगून टाकलं, की इतक्यात काही निवडणूक नाही. मी तेव्हा तुमच्या किचनमध्ये होते. तुमच्या लेकीने, नीताने, फोनवर सांगितलेले कागद ड्रॉवरमध्ये शोधत होते आणि रेडिओ नुसता सोबतीला लावला होता. बातमी ऐकली आणि समोरच्या खोलीकडे तोंड करून मी हाक मारली, "काका, ऐकलंत का?" हाक तोंडातून गेल्यावर मग आठवलं.

पुढे दहा मिनिटं मी तिथेच बसून तुमच्या वतीने चिडले. शेवटचे तीन आठवडे तुम्ही एवढं एकच विचारत होतात. सलाइन लावायला आलेल्या नर्सला, जेवणाची ट्रॉली ढकलणाऱ्या बाईंना, राउंडवर आलेल्या डॉक्टरला. "डिक्लेअर झाली का?" त्या तरुण डॉक्टरला वाटलं, तुम्ही तुमच्या रिपोर्टबद्दल विचारताय. तो खाटेच्या कडेला टेकला, आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचंय?" आणि तुम्ही म्हणालात, "तारीख." नीता बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन आधी हसली, मग रडली.

तुम्ही गेल्यावर इथल्या, लंडनच्या पिनर भागातल्या आपल्या मराठी मंडळींनी मला विचारलं, "तू त्यांच्या नात्यातली का?" मी नाही म्हटलं. भाडेकरू म्हटलं तर खोटं नाही. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेली, तुमच्या वरच्या खोलीत चार वर्षं राहिलेली मेधा. पण भाडेकरूला कुणी रोज संध्याकाळी खाली बोलावून संसदेतले वाद दाखवत नाही. पहिल्याच महिन्यात तुम्ही कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, मतदार नोंदणीचा फॉर्म माझ्यासमोर ठेवलात. मी म्हटलं, "काका, माझा पासपोर्ट भारताचा आहे." तुम्ही म्हणालात, "कॉमनवेल्थ. खालची बारीक अक्षरं वाच." मी वाचली. खरंच होतं, भारतासारख्या कॉमनवेल्थ देशांच्या लोकांनाही इथे मत देता येतं. सही केली, पण म्हटलं, "पाहुण्याने घरच्या भांडणात बोलू नये." तर तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "दर महिन्याला टॅक्स भरणारा पाहुणा मी अजून पाहिला नाही."

हा आपला वाद संपलाच नाही. मी पाहुणी की घरची, हे तुम्ही ठरवून टाकलं होतं. माझं ठरत नव्हतं.

तुम्हाला कशाचंही कुतूहल असायचं. कौन्सिलच्या रस्ते खात्यात तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. कुठली वस्तू कुठून येते आणि कुठे जाते हे कळल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसे. पण एका विषयावर तुमचं कुतूहल आणि राग एकत्र व्हायचा. इराकच्या युद्धाच्या वेळी तुम्ही पंतप्रधानांचा पक्ष सोडलात. पंचवीस-सव्वीस वर्षांचं सभासदत्व. कार्ड पाकिटात घालून परत पाठवलंत. पंतप्रधानांवर तुमचा राग होताच, पण त्याहून जास्त आपल्या खासदारावर. तीन निवडणुकांत तुम्ही त्याच्यासाठी दारोदार फिरला होतात, आणि त्याने युद्धाच्या बाजूने मत दिलं. फुकट येणाऱ्या लोकल पेपरात त्याचा फोटो दिसला, कधी शाळेच्या समारंभात, कधी फुलांच्या प्रदर्शनात, की तुम्ही त्या फोटोला मराठीत विचारायचात, "का रे बाबा? का दिलंस मत?" चार वर्षं मी हे ऐकलं. त्याच्याशी तुम्ही त्या चार वर्षांत एक शब्द बोलला नव्हतात.

मे महिन्यात जुन्या पंतप्रधानांनी जाण्याची तारीख सांगितली, तेव्हा मी जे बोलले ते आता लिहायलाच हवं. तुम्ही खूश होतात. पोहे केले होते, वर शेव घातली होती. मी ऑफिसातून वैतागून आले होते. गुणांवर मिळणाऱ्या व्हिसाचे नियम आदल्या हिवाळ्यात बदलले होते आणि आधीच आलेल्यांनाही लागू केले होते. नव्या हिशेबात तिशी ओलांडलेल्या मला वयाचे गुण शून्य. त्याच दिवशी वकिलाने सांगितलं होतं, की ऑक्टोबरनंतर मला इथे राहता येईलच असं नाही. तुम्ही पोह्यांची बशी पुढे करत म्हणालात, "बघ, शेवटी गेला की नाही?" आणि मी म्हटलं, "तुमच्या राजीनाम्याने गेला का, काका? युद्ध झालंच ना? तुमचं एक कार्ड कमी झालं, त्यांना कळलंसुद्धा नसेल."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी डब्यासाठी पोळ्या लाटत होते, तर तुम्ही दारात येऊन म्हणालात, "त्यांना नाही कळलं. मला कळलं." एवढंच. मग फ्रिज उघडून म्हणालात, "दही संपलंय."

मी तेव्हाच सॉरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "येताना आणते."

त्यानंतर तुम्ही माझ्या व्हिसाच्या मागे लागलात. सगळे नियम प्रिंट करून घेतलेत, पेन्सिलीने खुणा केल्यात. "वयाचे शून्य? मग मला तर उणेच मिळतील," म्हणालात. आणि एके दिवशी सकाळी दाढी करून, टाय लावून खाली उभे. "खासदाराला भेटायचं. मंत्र्याला पत्र त्याच्या सहीने गेलं तर निदान वाचतात."

"कुठल्या खासदाराला?" मी विचारलं.

"आपल्याला एकच आहे," तुम्ही म्हणालात.

माझा विश्वास बसेना. मी नको म्हटलं. पुढे पंधरा दिवस नको म्हणत राहिले. एकतर हात पसरायची लाज, आणि दुसरं म्हणजे तुम्हाला त्या माणसासमोर बसवायचं, तेही माझ्यासाठी. तुम्ही ऐकलं नाहीत. जूनच्या शेवटच्या शनिवारची वेळ घेऊन मोकळे झालात. इथे खासदाराच्या भेटीच्या वेळेला सर्जरी म्हणतात हे मला माहीत होतं, पण पुण्याला आईला नव्हतं. मी फोनवर म्हटलं, "शनिवारी खासदाराच्या सर्जरीला जायचंय." आई म्हणाली, "अगं बाई, काय झालं त्यांना?" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की खोकला लागला.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी पंतप्रधान बदलला. मी घरून काम करते असं ऑफिसला कळवलं आणि लॅपटॉप उघडा ठेवून तुमच्या शेजारी बसले. तुम्ही पेपरच्या समासात वेळा लिहीत होतात. दुपारी बारा, जुन्या पंतप्रधानांची संसदेतली शेवटची प्रश्नोत्तरं. भाषण संपलं आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मी तुमच्याकडे बघितलं. वाटलं, आता टीव्ही बंद करणार. तुम्ही म्हणालात, "बोलतो मात्र सुंदर गं. तिथेच तर आपण फसलो." आणि डोळे पुसलेत. ते कशाचं पाणी होतं, मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला तरी कळलं होतं का?

मग गाडी राजवाड्याकडे निघाली. जुने पंतप्रधान आत गेले, राणीला राजीनामा देऊन बाहेर पडले. नवे अजून पोचले नव्हते. तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात.

"आत्ता कोण आहे?"

"म्हणजे?"

"आत्ता, या मिनिटाला, या देशाचा पंतप्रधान कोण?"

"कुणीच नसेल," मी म्हटलं.

"मग आत्ता कुणी हल्ला केला तर सही कुणाची?"

"राणीची."

"ती सही करते, ठरवत नाही. ठरवतं कोण?" तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. समोरच्या घरातला माणूस हिरव्या डब्यात गवत भरत होता. पोस्टमन आला, पत्रं टाकून गेला. "बघ," तुम्ही म्हणालात, "कुणी नाहीये आणि सगळं चाललंय." हे तुम्हाला भयंकर आवडलं होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. पुढे पंतप्रधानांच्या सरकारी घरातल्या फ्रिजचं काय, असं विचारलंत. फ्रिज सरकारचा की राहणाऱ्यांचा? दूध उरलं असेल तर? तेवढ्यात नवे पंतप्रधान राजवाड्यातून बाहेर आले आणि तुम्ही समासात वेळ लिहिलीत.

मी म्हटलं, "कुणी मत दिलं नाही आणि माणूस बदलला. हे बरोबर आहे का?"

"आपण पक्षाला मत देतो, माणसाला नाही."

"मग तुम्ही एका माणसाच्या रागाने पक्ष का सोडलात?"

तुम्ही पेपर मिटून खाली ठेवलात. मला वाटलं, मे महिन्यातलंच पुन्हा झालं. पण तुम्ही म्हणालात, "हा प्रश्न चांगला आहे. मला विचार करू दे." उत्तर राहिलं, काका.

संध्याकाळी आपण मंत्र्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा केला. गृहमंत्रीही बदलणार अशी चर्चा होती, पण कोण येणार ते ठरलं नव्हतं. "नावाची जागा रिकामी ठेव," तुम्ही म्हणालात, "उद्या कळेल." ते पत्र टाइप करताना मला पहिल्यांदा वाटलं, की ही सगळी गडबड टीव्हीवर बघायची नाहीये. त्या रिकाम्या जागेत येणारा माणूस माझ्या आयुष्याचं काहीतरी ठरवणार आहे.

शनिवारी लायब्ररीच्या बाजूच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आपण रांगेत बसलो. आपल्यापुढे एक बाई होत्या, त्यांच्या भिंतीला ओल आली होती. आपला नंबर लागला. आत गेल्यावर खासदार उठून उभा राहिला. तुमच्याकडे बघून "प्रभाकर," म्हणाला आणि हात पुढे केला. टेबलावर त्याचा फोन उताणा ठेवलेला होता आणि दर अर्ध्या मिनिटाला त्याची नजर तिकडे जात होती. तुम्ही हात मिळवलात. बसलात. माझी फाइल उघडलीत. कुठल्या पानावर काय आहे ते नकाशा समजावल्यासारखं बोट फिरवून सांगितलंत. मी फक्त मान हलवत होते.

त्याने सगळं लिहून घेतलं. चांगलं ऐकलं, हे कबूल करायला हवं. शेवटी पेन खाली ठेवून त्याने तुम्हाला विचारलं, "आता ते गेले. तुम्ही परत येणार का?"

मला वाटलं, आता चार वर्षांचं सगळं बाहेर पडणार. तुम्ही फाइल बंद केलीत. म्हणालात, "ही दहा मिनिटं तिची आहेत."

बसस्टॉपवर मी विचारलं, "विचारलं का नाहीत? रोज त्याच्या फोटोला विचारता, आज समोर होता."

"विचारलं असतं तर तो चिडला असता नाहीतर लाजला असता. दोन्हीत तुझं पत्र राहिलं असतं." मग म्हणालात, "त्याला काही मिळालं नाही, बिचाऱ्याला."

"काय मिळालं नाही?"

"मंत्रिपद. फोनकडे बघत होता ना? मिळालं असतं तर शनिवारी ओल्या भिंती ऐकत बसला नसता." तुमच्या आवाजात त्याच्याबद्दल माया होती. मी चकित झाले. मला तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं, मोठं काहीतरी. मी म्हटलं, "बस आली."

पुढचं सगळं फार भराभर झालं. जुलैत देशात पूर आले, ऑगस्टमध्ये गुरांचा रोग, आणि तुमचे डोळे पिवळे दिसायला लागले. साधी कावीळ म्हणून गेलात आणि पोटात गाठ निघाली. नीता तुम्हाला कार्डिफला घेऊन गेली. तिची हॉस्पिटलातली नोकरी तिथेच. मी दर शनिवारी ट्रेनने यायचे. सप्टेंबरात एका बँकेबाहेर पैसे काढायला लोकांच्या रांगा लागल्या तेव्हा तुम्ही मला विचारलंत, रांगेत लोक एकमेकांशी बोलत होते का? आणि मग सुरू झालं, की नवे पंतप्रधान लगेच निवडणूक घेणार. तुमच्या अंगात जीव आला. पोस्टाने मत द्यायचा फॉर्म मला आणायला लावलात. नीता म्हणाली, "बाबा, आधी इलेक्शन तर डिक्लेअर होऊ दे." तुम्ही तोवर सही केलीत.

"कुणाला देणार?" मी विचारलं.

"ते गुप्त असतं," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटून हसलात.

तुम्ही पक्षाकडे परत गेला असतात का, हे मला या जन्मात कळणार नाही. नीतालाही माहीत नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, "माझ्या बाबाला सगळा माहीत पाहिजे असायचा, पण स्वतःचा काही सांगायचा नाही." तिचं मराठी ऐकून तुम्ही नेहमी दुरुस्त करायचात. मी केलं नाही. तिचं बरोबर होतं.

माझ्या अर्जाचं अजून काही कळलेलं नाही. गृहमंत्रालयाचं उत्तर आलंय, की प्रकरण विचाराधीन आहे. तोपर्यंत मी इथेच आहे. वरच्या खोलीत.

आणि आता तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. नीताने तुम्हाला लंडनला आणलं, तुमचे लोक इथे आहेत म्हणून. क्रिमेटोरियममध्ये अर्ध्या तासाची वेळ होती. मागच्या रांगेत आपला खासदार एकटा उभा होता. सगळं संपल्यावर बाहेर, फुलं ठेवतात त्या भिंतीपाशी, तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "त्यांनी मला प्रचारासाठी आमच्या वॉर्डाचा नकाशा करून दिला होता. कुठल्या दाराची पत्रपेटी खाली आहे, कुठे वाकावं लागतं, कुठल्या घरी कुत्रा आहे. आम्ही अजून तोच वापरतो. त्यातले बरेच कुत्रे आता मेले असतील." मग म्हणाला, "माझ्याबद्दल ते कधी काही बोलले का?"

मी हो म्हणू शकले असते. काहीतरी गोड सांगू शकले असते. माझा अर्ज अजून त्याच्या सहीवर चालला होता. पण मी विचारलं, "तुम्ही युद्धाच्या बाजूने मत का दिलंत?"

त्याने एक उत्तर दिलं. तेव्हाची माहिती, तेव्हाची परिस्थिती. मी म्हटलं, "हे काकांनी टीव्हीवर ऐकलं होतं."

तो फुलांकडे बघत उभा राहिला. मी हलले नाही. मग तो म्हणाला, "मला शंका होती. पण वाटलं, चुकलो तर निदान सगळ्यांबरोबर चुकेन. एकट्याने बरोबर ठरायची मला भीती वाटली."

तुम्हाला हे उत्तर पुरलं असतं का? मला नाही पुरलं, काका. मी पुढचं विचारलं, "हे तुम्ही त्यांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी कधी विचारलंच नाही," तो म्हणाला.

"विचारणार होते," मी म्हटलं. "चार वर्षं विचारणार होते. त्या शनिवारी तुमच्या समोर बसले, पण तेव्हा माझं काम होतं, म्हणून त्यांनी स्वतःचा प्रश्न गिळला."

त्याला काय वाटलं ते मी बघितलं नाही. हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की ते त्याला नाही, तुम्हाला म्हणायचं होतं. बसस्टॉपवर.